रात्रीच्या आकाशाचा फोटो एडिट करताना रात्र शिल्लक ठेवायची कशी

रात्री एकदोनच्या सुमाराला खऱ्याखुऱ्या अंधाराच्या जागी उभं राहून तुम्ही आकाशगंगा बघितली असेल तर जरा आठवून बघा, तिला रंग होता का? नव्हता. राख सांडून हाताने पसरावी तसा फिकट पट्टा, मधेमधे काळी भगदाडं, एवढंच दिसतं. आणि घरी येऊन तोच फोटो उघडला की त्यात पिवळसर उजेड असतो, गुलाबी ठिपके असतात, क्षितिजाकडे हिरवट झाक असते. मग यातलं खरं काय? हा प्रश्न नीट न सोडवताच आपण स्लायडर ओढायला बसतो आणि पुढचा सगळा घोळ तिथून सुरू होतो असं माझं मत आहे.

आधी डोळ्याचं बघू. डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात, शंकूच्या आकाराच्या पेशी उजेडात काम करतात आणि रंग त्यांनाच कळतो, दांडीसारख्या पेशी अंधारात काम करतात पण त्यांना रंग कळत नाही. अंधारात गेल्यावर या दुसऱ्या पेशींना पूर्ण जागं व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात, आणि त्या जाग्या झाल्या तरी आपल्याला दिसतं ते काळंपांढरंच. कॅमेऱ्याला ही अडचण नाही, तो २० सेकंद उजेड साठवत बसतो आणि त्या उजेडात जो रंग होता तो नोंदवतो. म्हणजे फोटोतला रंग खोटा नसतो, तो उजेडात होताच, फक्त तो किती दाखवायचा हे मात्र आपल्या हातात असतं.

म्हणून "मी काहीच एडिट करत नाही, कॅमेऱ्यातून आलं तसं टाकतो" हे बोलणंही मला पटत नाही. कॅमेरा जेव्हा जेपेग बनवून देतो तेव्हा व्हाईट बॅलन्स (फोटो पिवळट ठेवायचा की निळसर ते ठरवणं), कॉन्ट्रास्ट, शार्पनिंग, नॉइज म्हणजे फोटोतले दाणे काढणं हे सगळं त्यानेच आत उरकलेलं असतं, आणि ते बहुतेक दिवसाउजेडाचे फोटो डोळ्यासमोर ठेवून ठरवलेलं असतं. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स या अमेरिकन फोटोग्राफरने १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोत एका गावावर उगवलेल्या चंद्राचा फोटो काढला, तो जगभर प्रसिद्ध आहे, आणि त्याच निगेटिव्हवरून पुढे कित्येक वर्षं प्रिंट काढताना त्यांनी आकाश अधिकाधिक काळं करत नेलं. तेव्हा डार्करूममध्ये व्हायचं ते आता स्क्रीनवर होतं, एवढाच फरक. एडिट करणं चूक नाहीच, थांबायचं कुठे ते कळत नाही ही अडचण आहे.

आता रात्रीच्याच फोटोत हे एवढं का बिघडतं? कारण फाईलमध्ये माल कमी असतो. हे जरा सावकाश सांगतो कारण एकदा हे डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप सुटतं. १४ बिटची रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्याने काहीही न उरकता दिलेली कच्ची फाईल, म्हणजे उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या, ऐकायला खूप वाटतं, पण या पायऱ्या सारख्या वाटलेल्या नसतात. स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा अर्धा होण्याचं एक माप, आणि सगळ्यात उजळ एका स्टॉपमध्ये त्यातल्या अर्ध्या म्हणजे ८,१९२ जातात, त्याखालच्या स्टॉपमध्ये ४,०९६, मग २,०४८, असं अर्धं अर्धं होत जातं. सहाव्या स्टॉपपर्यंत पोचलो की हातात फक्त २५६ पायऱ्या उरतात, आणि दहाव्या स्टॉपला १६. रात्रीचं आकाश बऱ्याचदा त्या पाचव्यासहाव्या स्टॉपच्या आसपास बसलेलं असतं आणि खालची झाडं, दगड, टेकडी त्याच्याही बऱ्याच खाली. दिवसाच्या फोटोत तुम्ही भरलेल्या घागरीतून पाणी काढत असता, इथं तळाशी उरलेल्या दोन ओंजळी असतात.

त्यात आणखी एक भानगड. उजेड कणाकणाने येतो, फोटॉनच्या रूपात, आणि पावसाचे थेंब जसे प्रत्येक फरशीवर मोजून सारखे पडत नाहीत तसे हे कणही प्रत्येक पिक्सेलवर सारखे पडत नाहीत. एका पिक्सेलवर सरासरी १०,००० फोटॉन पडणार असतील तर त्यात शंभरेकांचा फरक पडतो, म्हणजे १ टक्का, डोळ्याला कळतही नाही. पण सरासरी फक्त १०० पडणार असतील तर फरक दहाचा, म्हणजे १० टक्के, आणि हाच तो दाणेदार नॉइज. याला कॅमेऱ्याचा दोष म्हणता येत नाही, कमी उजेडाचा हा स्वभावच आहे. आणि तुम्ही जेव्हा त्या अंधाऱ्या भागाला ओढून उजळ करता तेव्हा उजेडाबरोबर हा फरकही तेवढाच ओढला जातो. शॅडोचा, म्हणजे अंधारे भाग उजळ करणारा स्लायडर नवीन माहिती आणत नाही, आहे तीच ताणतो, आणि विरलेलं कापड ताणलं की काय होतं ते आपल्याला माहितीच आहे.

आता येतो सगळ्यात मोठ्या चुकीकडे, जी मी स्वतः दोनेक वर्षं केली. लोकांना वाटतं की ओव्हर एडिट म्हणजे कोणीतरी सॅच्युरेशन १०० वर नेऊन ठेवलंय. तसं फार कमी वेळा असतं. खरं होतं काय, तर कॉन्ट्रास्ट थोडा वाढवला, मग क्लॅरिटी थोडी, टेक्श्चर थोडं, डीहेज थोडं, कर्व्हला (उजळ आणि अंधारे भाग वरखाली करणाऱ्या रेघेला) थोडा एसचा आकार दिला, मग व्हाईट थोडे वर आणि ब्लॅक थोडे खाली, आणि शेवटी आकाशगंगेवर ब्रश फिरवून पुन्हा थोडा कॉन्ट्रास्ट. प्रत्येक स्लायडर १५-२० वर, एकही डोळ्यात खुपणारा आकडा नाही, आणि तरी फोटो किंचाळतोय. कारण या सगळ्या स्लायडरची नावं वेगळी असली तरी काम एकच आहे, उजळ आणि अंधाऱ्या भागातलं अंतर वाढवणं. कॉन्ट्रास्ट आणि कर्व्ह ते सगळ्या फोटोभर करतात, क्लॅरिटी आसपासच्या मोठ्या भागाशी तुलना करून करते, टेक्श्चर त्याहून बारीक पातळीवर करतं, डीहेज धूसर भाग शोधून तिथे करतं आणि जाताजाता रंगही गडद करून जातं. आणि हे परिणाम एकमेकांत मिळवले जात नाहीत, गुणले जातात. समजा प्रत्येकाने २० टक्केच अंतर वाढवलं, तर सहा वेळा १.२ ने गुणलं की जवळजवळ तिप्पट होतं! हिशोब समजण्यापुरताच आहे हा, प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये आकडे वेगळे निघतील, पण गणित कसं चालतं ते यावरून कळावं.

म्हणून माझा आता एक साधा नियम आहे, या कुटुंबातला एकच मोठा माणूस कामाला लावायचा. मी कर्व्ह घेतो. कर्व्हने जेवढं होईल तेवढं सावकाश करायचं, आणि मग बाकीच्यांना हात लावायचाच झाला तर फक्त आकाशगंगेच्या पट्ट्यापुरता, मास्क करून म्हणजे बाकीचा भाग झाकून, आणि तिथेही क्लॅरिटी आणि डीहेज दोघांपैकी एकच. सगळ्या आकाशावर डीहेज तर मी आता लावतच नाही, कारण क्षितिजाजवळची हवा मुळात धूसर असते आणि डीहेज नेमकं तिथेच जाऊन खोदतं, मग लांबच्या गावाचा जो मंद उजेड होता तो भडक नारिंगी डाग होऊन वर येतो.

आता एक तारा जवळून बघू. फोटो ३०० टक्के झूम करा आणि मध्यम तेजाचा एखादा तारा शोधा. तो म्हणजे चारपाच पिक्सेलचा छोटा ठिपका असतो, मधला एखाददुसरा पिक्सेल जवळजवळ पांढरा आणि कडेला उजेड विरत गेलेला. ताऱ्याचा रंग त्या मधल्या पांढऱ्यात नसतो बरं का, तो त्या विरणाऱ्या कडेला असतो. आता शार्पनिंग वाढवत न्या आणि ताऱ्याभोवती लक्ष ठेवा, आधी कड टणक होते, मग ठिपक्याभोवती काळी रिंग उमटायला लागते, आजूबाजूच्या आकाशापेक्षाही काळी, कारण शार्पनिंग म्हणजे कडेच्या उजळ बाजूला अजून उजळ आणि अंधाऱ्या बाजूला अजून अंधार करणं. एका ताऱ्याभोवती ती रिंग दिसणार नाही, पण फोटोत असे हजारो तारे असतात आणि हजारो काळ्या रिंगा मिळून सगळं आकाश वाळू फेकल्यासारखं खरखरीत दिसतं. फोटो बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी टोचतंय हे त्याला कळतं. आता शार्पनिंग मागे घ्या आणि एक्स्पोजर किंवा व्हाईट वाढवत न्या. मधला पांढरा भाग पसरतो, कडेचा रंग गिळून टाकतो आणि जो तारा नारिंगी होता तो पांढरा गोळा होतो. हे दोन प्रयोग प्रत्येकाने एकदा तरी करून बघावेत, पाच मिनिटं लागतात आणि नंतर तो स्लायडर धरताना हात आपोआप हलका होतो.

ताऱ्यांच्या रंगाचा आणखी एक फायदा म्हणजे ते आपल्याला व्हाईट बॅलन्स तपासायला मिळतात, आणि याहून चांगली तपासणी मला माहीत नाही. वृश्चिक फोटोत असेल तर ज्येष्ठा बघा, ती नारिंगी दिसलीच पाहिजे, तिचं पृष्ठभागाचं तापमान सुमारे ३,६०० केल्व्हिन आहे, आणि तिच्या शेजारचे वृश्चिकातले बहुतेक ठळक तारे निळसर पांढरे आहेत. मृग नक्षत्र असेल तर अजून सोपं, काक्षी (बीटलज्यूस) सुमारे ३,५०० केल्व्हिनची म्हणून नारिंगी आणि राजन्य (रायजेल) सुमारे १२,००० केल्व्हिनचा म्हणून निळसर, दोघंही एकाच फोटोत. जर तुमच्या एडिटनंतर ज्येष्ठा पांढरी किंवा गुलाबी झाली असेल, काक्षी आणि राजन्य एकाच रंगाचे दिसत असतील, तर बाकी फोटो कितीही मस्त वाटला तरी रंग कुठेतरी हातातून सुटलाय, परत मागे जा.

रंगावरून आठवलं, निळी आकाशगंगा. हे इतकं सर्रास झालंय की नवीन माणसाला वाटतं ती निळीच असते. धनु राशीच्या दिशेला जो आकाशगंगेचा मध्यभाग दिसतो तिथे म्हातारे, पिवळसर तारे जास्त आहेत, शिवाय मधे धूळ आहे आणि धूळ निळा उजेड जास्त अडवते, तांबडा कमी. त्यामुळे तो भाग उबदार, पिवळट दिसणं हेच बरोबर. व्हाईट बॅलन्स ३,२०० केल्व्हिनवर टाकला की सगळंच निळं होतं (ताऱ्यांच्या उलट, कारण सॉफ्टवेअर उजेड पिवळा धरून तो निळ्याने भरून काढतं) आणि आपल्याला "रात्रीसारखं" वाटतं, कारण रात्र म्हणजे निळी हे आपल्या मनात पक्कं बसलंय. मजा म्हणजे चंद्रप्रकाशही निळा नसतो, तो सूर्यप्रकाशापेक्षा किंचित तांबूसच असतो, सुमारे ४,१०० केल्व्हिन धरतात, पण अंधारात आपल्या त्या दांडीवाल्या पेशी निळ्याहिरव्या उजेडाला जास्त दाद देतात म्हणून आपल्याला चांदणं निळसर भासतं. थोडी निळाई ठेवायला माझी ना नाही, तो भास खराच आहे की. पण ती मी जमिनीवर ठेवतो, आकाशगंगेच्या मध्यभागावर नाही. सुरुवात ३,८०० ते ४,५०० च्या मधे कुठेतरी करायची आणि ताऱ्यांकडे बघत पुढेमागे सरकायचं.

आणि जांभळं आकाश! हे कसं तयार होतं ते सांगतो, कारण ते जवळजवळ नेहमी एकाच वाटेने येतं. चांगल्या अंधाऱ्या जागेच्या फोटोत आकाशाला हिरवट छटा असते. आपल्याला वाटतं कॅमेऱ्याने रंग चुकवला, मग टिंटचा, म्हणजे हिरवा रंग कमीजास्त करणारा स्लायडर मॅजेंटाकडे, म्हणजे जांभळट गुलाबीकडे ओढतो. पण ती हिरवी छटा बऱ्याचदा खरी असते, जमिनीपासून साधारण ९५ ते १०० किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनचे अणू ५५७.७ नॅनोमीटरचा हिरवा उजेड सोडत असतात, त्याला एअरग्लो म्हणतात, आणि कधीकधी त्याचे पट्टे चक्क लाटांसारखे दिसतात. हिरवं काढून टाकलं की उरतं तांबडं आणि निळं, म्हणजे जांभळं, आणि मग वर सॅच्युरेशन चढवलं की ते वांग्यासारखं होतं. हिरवं फार वाटत असेल तर सगळ्या फोटोचा टिंट हलवू नका, फक्त हिरव्या रंगाचं सॅच्युरेशन थोडं उतरवा, अर्ध्यावर आणा, पूर्ण पुसू नका.

तसंच क्षितिजाचं. डोक्यावर बघताना आपण हवेचा एक थर ओलांडून बघतो असं धरलं तर क्षितिजाकडे बघताना सुमारे ३८ पट हवा मधे येते. म्हणून खाली उतरत जाल तसे तारे मंद होतात, कमी होतात, तांबूस होतात. हे फोटोत दिसायला हवं. खूप जण ग्रेडियंट लावून क्षितिजापर्यंत सगळं आकाश सारखं काळं आणि सारखं ताऱ्यांनी भरलेलं करतात आणि मग आकाश खोलगट न वाटता मागे लावलेल्या पडद्यासारखं सपाट वाटतं. लांबच्या वस्तीचा उजेडही थोडा राहू द्यावा, तो कमी करा पण तिथे वस्ती आहे हे कळू दे.

काळ्याबद्दल थोडक्यात. रात्रीचं आकाश शुद्ध काळं कधीच नसतं, सगळ्यात अंधाऱ्या जागीही नसतं. म्हणून ब्लॅकचा स्लायडर ओढून हिस्टोग्राम (उजेडअंधाराचा आलेख, डावीकडे काळं) डाव्या भिंतीला चिकटवू नका, ० ते २५५ च्या मोजपट्टीवर आकाशाचा मोकळा भाग साधारण २० ते ४० मधे राहिला तर अंधार पण वाटतो आणि आतली धूळही दिसते. आकाशगंगेतले ते काळे ओघळ म्हणजे धुळीचे ढग आहेत, त्यांना स्वतःची छटा असते, ते शून्यावर नेले की कागदाला भोकं पडल्यासारखं दिसतं.

आता जमीन. इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण आकाश सांभाळणारे लोकही इथे घसरतात. पौर्णिमेचा चंद्र सूर्यापेक्षा सुमारे ४ लाख पटीने मंद असतो, आणि चंद्र नसलेल्या रात्री फक्त ताऱ्यांचा आणि आकाशाचा जो उजेड जमिनीवर पडतो तो त्याच्याही शंभरेक पटीने कमी असतो. अशा रात्री जमीन आकाशापेक्षा काळी असते, कायम, कारण तिला उजेड मिळतो तो आकाशाकडूनच आणि त्यातलाही थोडाच ती परत फेकते. मग एखाद्या फोटोत वर लखलखीत आकाशगंगा आणि खाली गवताचं पातं न् पातं, दगडावरचं शेवाळ, सगळं दुपारसारखं स्वच्छ दिसायला लागलं की बघणाऱ्याच्या मनात कुठेतरी खटकतं. पाण्याच्या बाबतीत तर पक्का नियमच आहे, पाण्यातलं प्रतिबिंब वरच्या आकाशापेक्षा उजळ असूच शकत नाही. तळ्याचे किती फोटो दिसतात ज्यात पाणी आकाशापेक्षा चमकतंय! शॅडोचा स्लायडर आकाश सोडून फक्त खालच्या भागावर चढवला की नेमकं हे होतं.

यावर उपाय एडिटमध्ये नाही, तो जागेवरच आहे. ट्रायपॉड न हलवता आकाशासाठी २० सेकंदांचा फोटो घ्यायचा आणि मग फक्त जमिनीसाठी तीनचार मिनिटांचा एक वेगळा, आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची उजेड वाढवून दाखवण्याची पातळी कमी करून. त्यात तारे रेघा होतील, होऊ द्या, आपल्याला त्यातली फक्त जमीन हवीय. मग दोन्ही जोडताना जमीन मुद्दाम आकाशापेक्षा निदान एक स्टॉप खाली ठेवायची. पहिल्यांदा करताना हे जीवावर येतं, एवढा तपशील मिळालाय आणि तो अंधारात ढकलायचा म्हणजे काय, पण तपशील असून अंधारात असणं आणि तपशील नसून उजळ केलेलं असणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे. पहिल्यात नजर हळूहळू आत शिरते, अंधाराला सरावल्यासारखी, आणि दगड सापडत जातात.

जोड नीट बसली की नाही हे टेकडीच्या किंवा झाडांच्या कडेला कळतं. १०० टक्के झूमवर पूर्ण कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत जा. आकाशाच्या बाजूला उजळ पट्टा दिसतोय का, डोंगराला दिव्याची किनार लावल्यासारखा? तो हेलो. क्लॅरिटी, डीहेज आणि घाईने केलेला मास्क ही त्याची कारणं. झाडांच्या फांद्यांमध्ये तर हा हमखास अडकतो, फांद्यांच्या फटीतलं आकाश एका रंगाचं आणि बाहेरचं दुसऱ्या. तिथे मास्क थोडा मऊ करायचा आणि फांद्यांच्या बाजूने मास्कच्या आत थोडं सरकायचं, झाडाची टोकं किंचित काळी राहिली तरी चालतील, रात्री ती तशीच असतात.

नॉइजबद्दल लोक खूप घाबरतात आणि त्या भीतीनेच फोटो मेणाचा करून टाकतात. पुन्हा तेच, उपाय जागेवर आहे. एकाच आकाशाचे १६ फोटो लागोपाठ काढून ते स्टॅक केले, म्हणजे ताऱ्यांवर तारे जुळवून सरासरी काढली, तर नॉइज चौथाई होतो, कारण तो फोटोंच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होतो. २० सेकंदांचे १६ म्हणजे साडेपाच मिनिटं पण नाही. ज्यांनी एकच फोटो काढलाय त्यांनी आधी फक्त रंगीत नॉइज काढावा, तांबडेहिरवे ठिपके तेवढे घालवावेत, आणि दाणेदार नॉइज थोडा राहू द्यावा. एआयवाली डीनॉइज टूल्स आता चांगली झालीत, मीही वापरतो, पण ती अंदाज बांधतात हे विसरू नये, नॉइजचे तीनचार ठिपके जवळ आले की त्यांना तारा समजून टणक करतात, किंवा बारीक तारे एकमेकांना जोडून अळ्यांसारखे आकार बनवतात. म्हणून ताकद अर्ध्यावर ठेवायची आणि आधीनंतर झूम करून बघायचं. लेन्सच्या कोपऱ्यांचंही तेच, वाइड लेन्स पूर्ण उघडी असली की कोपरे दोनतीन स्टॉप काळे येतात आणि ते बरोबर करताना नॉइजही तेवढाच वर येतो, अर्धंच करेक्शन लावलं तर काही बिघडत नाही.

ताऱ्यांचा आकार कमी करण्याचं एक तंत्र आहे, त्याने आकाशगंगेचे ढग उठून दिसतात, पण जास्त झालं की आकाशात तारेच उरत नाहीत आणि धूर पसरल्यासारखं दिसतं. जरासं करा, पुरे.

दुसऱ्याच फोटोतलं आकाश आणून बसवणं हा वेगळाच विषय आहे आणि मला ते आवडत नाही हे स्पष्टच सांगतो. कोणी करत असेल तर निदान सांगावं. लपवलं तरी ते उघडं पडतं, कारण उत्तर गोलार्धाच्या बहुतेक भागातून आकाशगंगेचा मध्यभाग दक्षिणेकडेच दिसतो, आणि ती जागा ओळखणारा माणूस म्हणतो की हा कडा तर उत्तरेला आहे.

एवढं सगळं माहीत असूनही चूक होते, का? कारण डोळा सरावतो. रंग असो की कॉन्ट्रास्ट, अर्धा तास बघत बसलं की डोळा त्यालाच सामान्य धरायला लागतो आणि आधीचा फोटो फिका वाटतो, मग अजून थोडं, मग अजून थोडं. आणि हे काम आपण नेमकं रात्री करतो. मी एकदा आकाश टिपून पहाटे परत आलो आणि झोप न घेताच बसलो, खोलीत अंधार, स्क्रीन पूर्ण उजळ, आणि लॅपटॉपचा रात्रीचा पिवळसर मोड चालू राहिला होता हे लक्षातच नव्हतं. स्क्रीन पिवळी म्हणून मला आकाश पिवळं वाटत गेलं आणि मी निळं घालत गेलो, स्क्रीन झगझगीत म्हणून फोटो पुरेसा उजळ वाटत गेला आणि मी अंधार वाढवत गेलो. मग मोठी प्रिंट करून घेतली. ती हातात आली तेव्हा आकाश जांभळंनिळं आणि खालचं तळं, टेकडी, काठावरचं झाड, सगळं एक काळा गोळा झालेलं. ज्या रात्रीसाठी मी थंडीत पाच तास बसलो होतो तिचा त्या कागदावर मागमूस नव्हता, आणि मला खरंच फार वाईट वाटलं.

तेव्हापासून पिवळा मोड आधी बंद, खोलीत एक मंद पांढरा दिवा चालू, आणि स्क्रीनचा उजेड निम्म्याच्या आसपास. एडिट झालं की त्या दिवशी कुठेही टाकायचं नाही, सकाळी उठल्यावर पहिल्यांदा फोनवर लहान आकारात बघायचं, कारण लहान चित्रात तपशील दिसत नाही, फक्त रंग आणि उजेडअंधाराचं गणित दिसतं, आणि जे भडक आहे ते तिथे लगेच उघडं पडतं. फोटो आडवा उलटवून, डावीकडचं उजवीकडे करून बघणं हेही चांगलं, डोळ्याला तो नवीन वाटतो. आणि फोटोशॉपसारखं लेयरवालं सॉफ्टवेअर असेल तर सगळं एडिट झालेला फोटो साध्या फोटोवर लेयर म्हणून ठेवून त्याची ओपॅसिटी, म्हणजे तो किती झाकतो ते, १०० वरून खाली आणत जायची. माझं बहुतेक वेळा ६० ते ७० च्या मधे कुठेतरी थांबतं, आणि दर वेळी आश्चर्य वाटतं की रात्री मला ते १०० सुद्धा कमी वाटत होतं.

पण सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एका वेगळ्याच सवयीचा. मूळ रॉ फाईलशी तुलना करून काही कळत नाही, ती नेहमी फिकीच दिसते. तुलना करायची ती तिथे काय दिसत होतं त्याच्याशी, आणि ते दोन दिवसांत आठवेनासं होतं. म्हणून मी आता शूट संपल्यावर तिथेच बसून, फोनचा उजेड अगदी कमी करून, चारपाच ओळी लिहून ठेवतो. त्याच तळ्यावर पुढच्या वर्षी परत गेलो तेव्हा लिहिलं होतं, "टेकडीची फक्त कड दिसतेय, आत काही नाही. झाड आहे हे माहीत आहे म्हणून दिसतंय. पाणी आकाशापेक्षा काळं, त्यात चारच तारे मोजता येतायत, त्यातली एक ज्येष्ठा, हलतेय. डावीकडे खाली गावाचा उजेड, मळका." घरी आल्यावर ती चिठ्ठी शेजारी ठेवून एडिट केलं. टेकडी दोनदा उजळ केली आणि दोनदा परत खाली आणली. पाण्यात चारापेक्षा जास्त तारे निघत होते, कॅमेऱ्याला दिसले होते ते, काही ठेवले, पण पाणी वर येऊ दिलं नाही. गावाचा उजेड तसाच डाव्या कोपऱ्यात आहे, आणि झाड आहे तिथे आहे, शोधलं तर सापडतं.